कापूर थांबेपर्यंत

आमच्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, की जेवणं उरकल्यावर कुणीतरी हमखास म्हणायचं, "लोमटे सर, ते तळ्याचं करून दाखवा की!"

मग मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचो आणि ओव्हाळ सर व्हायचो. कमरेत वाकून, चिमटीतलं काहीतरी काल्पनिक पाण्यावर सोडायचो. "थांबा, थांबा. नाचतोय अजून." मग खांद्यावरचा टॉवेल फडकवायचो, तो सरांच्या आईच्या लुगड्याचा तुकडा. आणि शेवटी गावच्या सरपंचांचा घोगरा आवाज काढायचो, "सर, पाणी वाचलं, पर माझा बैल गेला की वो!" लोक हसून डोळे पुसायचे.

ही नक्कल मी इतकी वर्षं केली, की ज्यांनी सरांना कधी पाहिलं नाही त्यांनाही ते ठाऊक आहेत. पाण्याला मेण लावणारा आणि बैल मारणारा वेंधळा मास्तर म्हणून. यातलं काहीच खरं नाही. ते मेण नव्हतं. बैल त्यामुळं मेला नव्हता. सर तर मी पाहिलेल्या माणसांत सगळ्यात कमी वेंधळे. हे मला तेव्हाही माहीत होतं, कारण मी तिथंच उभा होतो. पण खऱ्या गोष्टीला एवढा हशा येत नव्हता, आणि मला हशा आवडत होता. यंदाच्या मेळाव्यात फर्माईश झाली तेव्हा घसा बसलाय म्हणून सांगितलं, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.

शिवराम ओव्हाळ आमच्या रसायनशास्त्र विभागात सेंद्रिय रसायन शिकवायचे. कॉलेज धाराशिवचं; धाराशिवला तेव्हा सगळे उस्मानाबादच म्हणत. मी तेरचा, त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. सर उंच, किडकिडीत. फळा पुसायला डस्टर असूनही शर्टाच्या बाहीनं पुसायचे, त्यामुळं उजवी बाही कायम पांढरी. पाणी अर्धाच पेला घ्यायचे. "उरलेलं फेकायला माणूस श्रीमंत लागतो," म्हणायचे. आणि प्यायचे ते पेल्याला तोंड लावूनच. आमच्याकडं वरून घटाघट पिण्याची पद्धत. एकदा मी म्हणालो, "सर, पेला उष्टा होतो." त्यांनी शांतपणे पेला संपवला, स्वतःच विसळला आणि म्हणाले, "लोमटे, वरून ओतलेलं पाणी लहानपणी पुष्कळ पिऊन झालंय. आता तोंड लावूनच पितो."

मला ते कळायला वेळ लागला. भूमच्या बाजूला, बालाघाटाच्या उतारावर त्यांचं गाव. गावाला निजामाच्या काळातलं दगडी पायऱ्यांचं तळं. सरांच्या आजोबांच्या वेळी त्यांच्या वस्तीतल्या माणसांनी त्या पायऱ्या उतरायच्या नसत. वरून कुणी ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचं. पुढं छप्पन साली सगळी वस्ती बौद्ध झाली, मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं, पायऱ्याही उतरायला लागली. पण पेल्याची सवय सरांनी मुद्दाम धरून ठेवली होती.

वर्गात त्यांचा आवडता विषय म्हणजे आम्लांचं अल्कोहोल करणं. अल्कोहोल म्हटलं की मागचे बाक हसायचे. सर हसू ओसरू द्यायचे आणि मग बोलायचे.

"कार्बॉक्सिलिक आम्ल हा मोठा हट्टी प्राणी आहे. सोडियम घेऊन सरळ अंगावर गेलात तर काय करतं? आपला एक हायड्रोजन तुमच्या तोंडावर फेकतं, त्याचं मीठ होतं, आणि ते मीठ बसून राहतं. आपटा डोकं! म्हणून सरळ जायचं नाही. आधी त्याला साध्या अल्कोहोलबरोबर उकळायचं, थेंबभर तीव्र आम्ल घालून. त्याचं एस्टर होतं. एस्टर म्हणजे तेच आम्ल, पण जरा निवांत झालेलं. मग सोडियम दाखवा. ऐकतं."

मागच्या बाकावरून एकानं विचारलं होतं, "सर, सरळ आम्लालाच वाकवणारं काही निघालं नाही का?"

"निघालंय. लिथियमचं एक औषध आहे. पण त्याच्या एका बाटलीत आपल्या प्रयोगशाळेचं वर्ष निघतं. आपण गरीब माणसं. आपण आधी एस्टर करायचं."

हे त्यांचं नुसतं रसायन नव्हतं. माणसांशीही ते असेच वागायचे. आम्हाला आधी तो भित्रेपणा वाटायचा.

ऐंशीच्या पुढचा तो दुष्काळ. 'बहात्तरपेक्षा बरा' असं म्हणत म्हणत लोकांनी दिवाळी काढली. संक्रांतीनंतर तसं म्हणायचं सोडून दिलं. कॉलेजच्या नळाला पाणी नव्हतं. आमच्या प्रयोगांत वाफ थंड करायला काचेच्या नळीभोवती सतत पाणी फिरवावं लागतं. सरांनी स्टुलावर एक बादली ठेवली, जमिनीवर एक. वरचं पाणी रबरी नळीनं फिरून खाली यायचं आणि प्रयोगशाळेतले बाशाभाई ते पुन्हा वर ओतायचे. अख्खा आठवडा तेच पाणी.

एके दिवशी सरांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर एक पोतं होतं, सोलापूरच्या मेणबत्तीवाल्याकडून आणलेलं. आत पांढऱ्या, तेलकट खपल्या.

"हे स्टिअरिक आम्ल," सर म्हणाले. "यंदा सगळ्या पोरांनी प्रॅक्टिकलला हेच घ्यायचं. याचं एस्टर, एस्टरचं अल्कोहोल. दरवर्षी पोरांनी केलेला माल आपण बेसिनमध्ये टाकतो. यंदा तो आमच्या गावच्या तळ्यात जाऊ दे."

मग त्यांनी समजावलं. या अल्कोहोलचा प्यायच्या अल्कोहोलशी फक्त भाऊबंदकीचा संबंध. दिसायला ते घट्ट, पांढरं, चुरा होणारं. त्याच्या रेणूला एक डोकं आणि लांब शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला आवडत नाही. पाण्यावर भुकटी पडली, की सगळे रेणू डोकी पाण्यात घालून, शेपट्या वर करून, खांद्याला खांदा लावून उभे राहतात. एका रेणूच्या जाडीचं पांघरूण. डोळ्यांना दिसत नाही, माशाला त्रास नाही, पण त्यातून वाफ सहजी सुटत नाही. ही काही आपली अक्कल नाही, हेही त्यांनी सांगितलं. देशात-परदेशात लोकांनी हे करून पाहिलं होतं, सरांनी फक्त वाचलं होतं.

मी शहाणपणा केला. "सर, मग एवढी उठाठेव कशाला? आम्लच टाकू की सरळ. त्यालाही डोकं-शेपूट आहेच."

सरांनी दोन थाळ्यांत आमच्या बोअरचं पाणी घेतलं. एकात आम्लाची चिमूट, दुसऱ्यात आधी करून ठेवलेल्या अल्कोहोलची. दुपारपर्यंत आम्लाच्या थाळीवर पिठूळ साय धरली आणि तडकली. "आपल्या पाण्यात चुना लई," सर म्हणाले. "आम्ल चुन्याशी सोयरीक करतं. साबण होतो. पांघरुणाला भोकं पडली तर ते कशाचं पांघरूण?"

आता एस्टर करायला लागणार होतं स्पिरिट, तेही बरंच. जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याची डिस्टिलरी होती. परवान्याचे सोपस्कार करून आम्ही दोघं चेअरमनसाहेबांकडं गेलो. त्यांनी सरांना उभ्यानंच विचारलं, "कॉलेजला स्पिरिट? अन् ते तळ्यात टाकायला? मास्तर, माणसाला पाजायला पुरंना, तुमी माशांना पाजायला निघालात व्हय!" खोलीतली सगळी माणसं हसली. सर नमस्कार करून बाहेर पडले.

एसटी स्टँडपर्यंत मी धुसफुसत होतो. सर म्हणाले, "चूक माझी. सरळ गेलो. मीठ झालं."

पुढचे काही रविवार ते एकटेच कारखान्यावर जात राहिले. तिथल्या प्रयोगशाळेत एक तरुण केमिस्ट मळीच्या तपासणीत अडला होता. सर त्याच्याशेजारी बसायचे, दोघं मिळून आकडे जुळवायचे, चहा प्यायचे, परत यायचे. स्पिरिटचं नाव नाही. शेवटी त्या केमिस्टनंच चेअरमनसाहेबांकडं विषय काढला, आणि कारखान्याचा ट्रॅक्टर स्पिरिटचे कॅन घेऊन कॉलेजच्या फाटकात आला. ट्रॉलीत कॅन सांडू नये म्हणून सर त्यांना मिठी मारून बसलेले. अर्ध्या गावानं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून 'ओव्हाळ सरांनी घ्यायला सुरुवात केली' अशी बातमी. सर चहाशिवाय कशाला शिवत नसत. बाशाभाई हळहळले, "साब, पीते भी नहीं, और बदनामी मुफत में!"

स्पिरिटातलं उरलंसुरलं पाणी काढायला सरांनी घरं रंगवायचा कळीचा चुना घातला, उकळलं, गाळलं. कारण पुढचं काम सोडियमचं. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, सुरीनं चिजासारखा कापायचा आणि त्या स्पिरिटात उकळणाऱ्या एस्टरमध्ये तुकडा तुकडा सोडायचा. पाण्याचा थेंब लागला तर भडका. सरांनी पोरांना दारातच बजावलं, "या खोलीत पाणी म्हणजे आग, खोलीबाहेर पाणी म्हणजे जीव. कडी लावताना आपण कुठल्या बाजूला आहोत तेवढं ध्यानात ठेवा."

बाशाभाई लांबूनच बघायचे. "साब, दुनिया पानी कू तरसती, और इसकू पानी का इत्ता गुस्सा कायकू?"

"बाशाभाई, त्याला पाणी इतकं आवडतं की भेटल्यावर भान राहत नाही," सर म्हणाले.

पोरं माल आणून द्यायची. सर चिमूटभर पाण्यात हलवून बघायचे. फेस आला की परत. "हा साबण आहे. एस्टर नीट झालं नव्हतं, नाहीतर स्पिरिटात पाणी राहिलं होतं. पुन्हा करा." पास झालेला माल डालड्याच्या रिकाम्या डब्यात. त्या वर्षी आमच्या पोरांनी जेवढं मन लावून प्रॅक्टिकल केलं, तेवढं आधी नाही आणि नंतरही नाही. मार्कांपुरतं काम करणारी पोरं 'आमचा डबा भरला का' असं विचारायला यायची.

डबे घेऊन आम्ही सरांच्या गावी गेलो. तळं अर्ध्याच्या खाली गेलेलं. भुकटी रोज थोडी थोडी सुटत राहायला हवी, वाऱ्याच्या बाजूनं. सरांनी युक्ती काढली होती: भुकटीची सैल पुरचुंडी बांबूच्या तुकड्याला बांधायची, बांबूला दगडाचा नांगर, आणि अशा पुरचुंड्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या. पुरचुंड्यांना कापड दिलं त्यांच्या आईनं, आपलं जुनं लुगडं फाडून.

म्हातारी सडपातळ, कमरेत वाकलेली, पण जिभेला धार. बहात्तरला रोजगाराच्या कामावर खडी फोडलेली. लुगडं फाडताना म्हणाली, "शिवा, तुज्या आज्याला ह्या पाण्याला बोट लावू दिलं न्हाय, अन् तू त्याला पांगरून घालायलास? शिकून येडा झालास व्हय रं?"

"माय, म्हसरं तर आपली पण पितेत ना त्येच पाणी."

"मग म्हसरांसाठी घालाय लागलास म्हन. गावासाठी म्हनू नगंस, माज्याच्यानं लुगडं फाटायचं न्हाय." आणि टरकन पुढची पट्टी फाडली.

पहिल्या पुरचुंड्या सोडल्यावर मी कापूर पाहिला. सरांनी खिशातून देवळापुढं मिळणारी कापराची वडी काढली, नखानं कण तोडून काठाच्या पाण्यावर टाकला. तो कण जिवंत किड्यासारखा गरगर पळायला लागला. "पाणी उघडं असलं की कापूर नाचतो," सर म्हणाले. "पांघरूण आलं की थांबतो." आणि ते वाकून बघत राहिले. एकदा वाकले की कापूर थांबेपर्यंत ते सरळ होत नसत. पाठीत कळ आली तरी नाही, कुणी हाक मारली तरी नाही. बऱ्याच वेळानं तो कण मंदावला, एक गिरकी घेतली आणि गप्प झाला. सर सरळ झाले, हात पॅन्टला पुसले. "झाकलं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच तात्या तळ्यावर आले, मागं चार माणसं. तात्या म्हणजे भला माणूस, पण गाव ज्या बाजूला कलेल त्या बाजूला उभा राहणारा. पाण्याची गरज असली की सरांना 'सर' म्हणायचे, नसली की 'शिवराम'.

"शिवराम, पावडरीचं काय न्हाय," ते म्हणाले. "पर ही लुगडी काय तळ्यात? लोक म्हनायलेत, कुनाची धडुती अन् कुनाच्या पान्यात."

'कुनाची' हा शब्द त्यांनी जरा हळू उच्चारला. सरांच्या आईनं पायरीवरून मान वर केली. मला वाटलं, आता भांडण. सरांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. ओठ पांढरे पडले होते. पण ते बोलले ते नेहमीच्या आवाजात.

"खरं आहे, तात्या. एकाच घराचं कापड बरं दिसत नाही. असं करू, प्रत्येक घरानं वीतभर जुनं कापड द्यायचं. धोतर, पटका, पातळ, काहीही. ज्याचं कापड त्याची पुरचुंडी. ज्या घराची पुरचुंडी नसेल, त्यानं पांघरुणाखालचं पाणी न्यावं का न न्यावं, ते तुम्हीच ठरवा."

तात्यांनी मागच्या माणसांकडं पाहिलं. त्यांनी एकमेकांकडं. संध्याकाळपर्यंत तळ्याच्या काठी चिंध्यांचा ढीग पडला. सरांच्या आईनं सगळ्या चिंध्या सोड्याच्या पाण्यात उकळून पांढऱ्याफटक करून टाकल्या. पाटलाच्या पटक्याचा तुकडा कुठला आणि तिच्या लुगड्याचा कुठला, ते कळायची सोय राहिली नाही. वाळत घालताना म्हणाली, "आता वळखा म्हनावं."

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "सर, छान एस्टर केलंत." ते हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोमटे, दर वेळी आपणच उकळायचं असतं, हा त्यातला त्रास आहे."

हे वाक्य माझ्या नकलेत कधी आलं नाही. लुगडं मात्र आलं.

मग बैलाचं. मार्च-एप्रिलच्या सुमारास निरोप आला, तात्यांचा बैल तळ्याकाठी पाणी पिऊन मेला आणि लोकांनी पुरचुंड्या ओढून काढल्या. आम्ही पोचलो तेव्हा तळं उघडं. काठावर चिंध्या आणि बांबू. बैल फुगून पडलेला. वस्तीतली आणि गावातली माणसं वेगवेगळ्या घोळक्यांत उभी.

"शिवराम, तुज्या औशदानं माजा बैल खाल्ला," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. पोरासारखा वाढवलेला बैल. "अन् आता तुमच्यातली चार मानसं लाव वढायला."

सरांच्या आईनं काही बोलायच्या आत सर म्हणाले, "तात्या, ते काम आम्ही सोडलं. ते आता होणार नाही. पण बैल कशानं गेला ते मलाही पाहिजे, तुमच्याइतकंच. भूमहून डॉक्टर येईपर्यंत कुणी हात लावू नका."

त्यांना ते का पाहिजे होतं, हे मला ठाऊक होतं. बैल खरंच भुकटीनं गेला असता, तर त्या तळ्यावर त्यांनाच काय, त्यांच्या वस्तीतल्या कुणालाही पुढं कित्येक वर्षं मान वर करता आली नसती.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बैलाचं पोट उघडलं आणि आतला चारा दाखवला: हिरवा, कोवळा. सरांना निघतानाच आलेली शंका खरी ठरू लागली. निरोप आणणाऱ्यानं 'हिरवं खाल्लं होतं' एवढं म्हटल्यामुळं सरांनी येतानाच पिक्रिक आम्लात आणि सोड्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पिवळ्या पट्ट्या आणल्या होत्या; हिरव्यातल्या जहराची वाफ लागली की त्या लाल होतात. पोटातला चारा एका बाटलीत घातला, वर दोन थेंब आम्ल, बुचात अडकवून पट्टी आत लोंबती सोडली. दुसऱ्या बाटलीत तळ्याचं पाणी, भुकटीसकट, तशीच पट्टी.

माणसं हळूहळू घोळके मोडून बाटल्यांभोवती आली. चाऱ्याच्या बाटलीतली पट्टी आधी केशरी झाली, मग विटकरी. तळ्याच्या पाण्यावरची पिवळीच्या पिवळी.

"किरळ," डॉक्टर म्हणाले. दुष्काळात अवकाळी शिंतोडे पडले, की जवारीच्या धसकटांना कोवळे फुटवे येतात. त्यात जहर असतं. भुकेलं जनावर पोटभर खातं, वर पाणी पितं आणि तिथंच पडतं. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे पट्टीशिवायही ठाऊक असतं; दुःखात आठवलं नव्हतं एवढंच.

तात्या खाली बसले. "मीच सोडला रं त्याला धसकटात," म्हणाले. "चार दिस झाले वैरन न्हवती. हिरवं दिसलं, म्हनलं खाऊ दे." मग वर बघून, "सर, माफ करा."

"बाटली अजून नीट बघून घ्या," सर म्हणाले, आणि ती तात्यांच्या हातात दिली. बाटली हातातून गेल्यावर सरांनी इतका मोठा श्वास सोडला, की शेजारी उभी असलेली त्यांची आई म्हणाली, "बस की रं जरा."

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पुरचुंड्या परत सोडल्या. बैल गावच्या माणसांनी ट्रॅक्टरनं नेऊन पुरला. अंधार पडायच्या आधी तात्या तळ्याच्या पायरीवर आले, सरांच्या शेजारी बसले आणि रडवेल्या तोंडानं हसत म्हणाले, "सर, पाणी वाचलं, पर माझा बैल गेला की वो!" स्वतःवर केलेली चेष्टा होती ती, सरांना दिलेली कबुली होती. सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी ते वाक्य तेवढं उचललं आणि त्याचा आगापिछा तिथंच टाकून आलो.

पाऊस येईपर्यंत तळ्यात पाणी टिकलं. किती पाणी भुकटीनं वाचलं, ते सरांनी कधी ठासून सांगितलं नाही. "वाऱ्याच्या दिवशी काही उपयोग नव्हता. पांघरूण सगळं एका काठाला गोळा व्हायचं," ते स्वतःच सांगायचे. "पण थोडं तरी वाचलं असेल. दोन घमेली भरून मायनं घरी ठेवली होती. भुकटीनं झाकलेल्या घमेल्यातलं पाणी मागं उरलं. माय खोटं बोलत नाही."

सर निवृत्त झाले, आम्ही पांगलो. त्यांची माय गेली. नक्कल मात्र चालू राहिली, आणि मला मनात एक धाक होता की कधीतरी ती त्यांच्या कानावर जाईल. एवढ्यासाठी मी त्यांच्याकडं जायचं टाळत होतो, हेही लिहून ठेवतो. शेवटी त्यांची तब्येत बरी नाही असं कळलं तेव्हा गेलो. धाराशिवच्या बाहेर छोटं घर, अंगणात कडुनिंब, निंबाखाली पाखरांसाठी मातीची परळ ठेवलेली.

निंबाखालीच चहा झाला. सर म्हणाले, "लोमटे, नक्कल करा."

मी बशी खाली ठेवली. "कसली, सर?"

"माझी. सगळ्या जिल्ह्यानं पाहिली, मीच राहिलोय. पोरं येऊन सांगतात. करा."

मी उभा राहिलो. सुरुवात केली. वाकलो, कापूर सोडला. सर हसायला लागले, अगदी खोकला येईपर्यंत. धीर आला. पण लुगड्यापाशी माझा हात टॉवेलकडं जाईना.

"अडलात का? मायचं घ्या की," सर म्हणाले. आणि मी काहीच करत नाही असं बघून खुर्चीतच जरा वाकले, मान वर केली, आणि हुबेहूब त्या आवाजात म्हणाले, "शिकून येडा झालास व्हय रं?" क्षणभर म्हातारी अंगणात आली. मग आपल्या आवाजात, "माय असती तर तिला आवडली असती तुमची नक्कल. फक्त तिचा आवाज तुम्हाला जमत नाही. आणि दोन चुका आहेत."

"दोन कशाला, सर, सगळीच—"

"दोनच. एक, मेण म्हणू नका. मेण असतं तर सोलापूरहून आणून सरळ टाकलं नसतं का? आपण आम्लापासून केलं ते, आधी एस्टर करून. पोरांची मेहनत आहे त्यात. आणि दुसरी, तात्याचं वाक्य ठेवा, चांगलं आहे ते. पण त्याच्या आधी पिवळी पट्टी दाखवा. मधली पायरी गाळली की काय होतं, हे मी तुम्हाला शिकवलं नव्हतं का?"

एवढंच. इतक्या वर्षांचं ओझं त्यांनी प्रॅक्टिकलची वही तपासावी तसं तपासलं आणि परत दिलं. मी खाली बसलो आणि मला रडू आलं की हसू, ते सरांनी पाहिलं नसल्यासारखं केलं. माझा पेला त्यांनी उचलला आणि उरलेलं पाणी पाखरांच्या परळीत ओतलं.

पिवळी पट्टी घालून नक्कल करून पाहिली. जमली नाही, मधल्या पायऱ्या नकलेत मावत नाहीत. म्हणून हे लिहिलं. गेल्या वर्षी सर गेले.

नक्कल दाखवून मी त्या दिवशी निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले नाहीत, निंबाखालीच थांबले. फाटक लावताना मी वळून पाहिलं. सरांनी खिशातून काहीतरी काढलं, नखानं तोडलं आणि परळीत टाकलं. मग अंगणाच्या भिंतीतल्या कोनाड्यातल्या गंजलेल्या डालड्याच्या डब्यातून चिमूट घेतली, ती पाण्यावर सोडली आणि कमरेत वाकून बघत राहिले. मी लांब होतो. पाण्यावरचं मला काही दिसत नव्हतं. मी थांबून राहिलो.

बऱ्याच वेळानं सर सरळ झाले आणि हात पॅन्टला पुसत घरात गेले.